बिमचं कोटेशन: चौरस फुटाला किती सांगू?

अर्धवट_आर्किटेक्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोथरूडात आमचं छोटं ऑफिस आहे, मी धरून पाच माणसं. आजवर बंगले, सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटची सँक्शन ड्रॉइंग आणि थोडं इंटिरियर असं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी रेविट घेतलं, म्हणजे बिम (बिल्डिंगचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल) करायचं सॉफ्टवेअर. दोघं जण त्यात बऱ्यापैकी तयार झालेत.

परवा बाणेरच्या एका बिल्डरने बोलावलं. दोन बेसमेंट, ग्राउंड आणि तीन पोडियम, एक अ‍ॅमिनिटी फ्लोअर, वर वीस टिपिकल मजले. एकूण बांधकाम साधारण ३ लाख ४० हजार चौरस फूट. साहेब म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगचं बिम करून द्या. चौरस फुटाला काय घेता?" (त्यांच्या अकाउंटंटने मध्येच विचारलं, "बीमचं काम आरसीसीवाल्याकडे दिलंय ना आपण?" हसू दाबताना पुरेवाट झाली.)

एक मित्र म्हणतो २ रुपये सांग, मार्केटमध्ये तेच चालतं. दुसरा म्हणतो ५ सांग आणि ३ वर ये. २ रुपयांनी ६ लाख ८० हजार होतात. आम्हाला आकडा मोठा वाटतोय, पण काम किती आहे याचा अंदाजच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सायटीवरचा

पहिला प्रश्न: चौरस फूट म्हणजे कुठले? रेराचा कार्पेट, एफएसआयचा (मंजुरीत मोजला जाणारा), की एकूण बांधकामाचा? कागदावर लिहून घेतलं नसेल तर बिल लावताना साहेब एफएसआयचा आकडा काढतील. बेसमेंट-पोडियमचं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, आणि मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त घाम तिथेच गळतो. म्हणजे जिथे काम जास्त, तिथले पैसे शून्य. अंगावर आलेलं आहे, म्हणून सांगतोय.

अर्धवट_आर्किटेक्ट

बापरे. एफएसआय १ लाख ९० हजारच्या आसपास आहे. म्हणजे ६ लाख ८० हजारचे ३ लाख ८० हजार?

सायटीवरचा

आणि त्यावर "राउंड फिगर करा" होईल ते वेगळं.

खराडीचा_वाटसरू

बारा वर्षं याच कामात आहे. आधी परदेशी ऑफिसांची कामं करायचो, आता इथली करतो. थोडं सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

चौरस फुटाचा दर हा शेवटी काढायचा भागाकार आहे, सुरुवातीचा गुणाकार नाही. आधी तास मोजा. आणि तास मोजायच्या आधी साहेबांना विचारा की मॉडेलचं करणार काय. क्लॅश (पाइप, डक्ट, बीम कुठे एकमेकांत घुसतात ते) बघायचेत? बीओक्यू (कामाच्या मात्रांची यादी) काढायचाय? जीएफसी (साइटवर बांधायला द्यायची) ड्रॉइंग त्यातूनच निघणार? की सेल्स ऑफिसात मोठ्या टीव्हीवर फिरवायचंय? चारही "बिम"च आहेत, पण चारांचं काम एकमेकांशी जुळत नाही. टीव्हीवर फिरवायच्या मॉडेलमध्ये छताच्या वर काहीच लागत नाही. क्लॅशच्या मॉडेलमध्ये सगळा जीव छताच्या वरच असतो.

आता तुमच्या बिल्डिंगचे तास, माझ्या सवयीने. एलओडी म्हणजे मॉडेलमधला घटक किती तपशिलात आणि किती पक्का, त्याची पट्टी. आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर एलओडी ३००, एमईपी (वीज, एसी, प्लंबिंग) ३५० धरलंय.

टेम्प्लेट, ग्रिड (कॉलमच्या रेषांची जाळी), लेव्हल, फॅमिली (दारं-खिडक्यांसारखे तयार घटक) जमवणं: ८० तास. दोन बेसमेंट, प्रत्येकी १३०: २६०. ग्राउंड आणि तीन पोडियम, प्रत्येकी ९०: ३६०. अ‍ॅमिनिटी फ्लोअर: ११०. पहिला टिपिकल मजला: १२०. रेफ्यूजचे (आगीत थांबायची जागा असलेले) दोन मजले वेगळे, प्रत्येकी २५: ५०. उरलेले सतरा टिपिकल, प्रत्येकी ४: ६८. टेरेस, टाक्या, लिफ्टची मशीन रूम: ८०. बेरीज ११२८.

इथेच चौरस फुटाची गंमत कळते. वीस टिपिकल मजल्यांत निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ असेल, पण तास २३८. दोन बेसमेंटमध्ये त्याच्या पाव-तृतीयांश क्षेत्रफळ असेल, तास २६०. टिपिकल मजला एकदा नीट बांधला की वर चढवायचा असतो, मग फक्त कॉलमचे साइज कुठे बदलतात ते बघायचं. बेसमेंटमध्ये पंप रूम, फायरच्या लाइनी, डक्ट, केबल ट्रे, रॅम्पच्या खालची उंची, सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले.

एवढ्यावर थांबलात तर बुडालात. कोऑर्डिनेशनची मीटिंग आठवड्याला एक, सोळा आठवडे. दोन तास दोन माणसं म्हणजे ४, आधीची तयारी आणि रिपोर्ट १०, नंतर मॉडेलमध्ये दुरुस्त्या ८. आठवड्याला २२, एकूण ३५२. आपलंच काम आपण तपासणं, मॉडेलिंगच्या दहा टक्के: ११३. ड्रॉइंगच्या शीट्स १४० धरल्या आणि प्रत्येकीला ३ तास: ४२०. कन्सल्टंटचे बदल, पंधरा टक्के: १७०.

एकूण २१८३. म्हणजे साहेब ज्याला "मॉडेल" म्हणतायत ते निम्मंच आहे. बाकीचं निम्मं त्यांना दिसतच नाही, म्हणून त्याचे पैसे मागायला आपल्यालाही जड जातं.

मोजपट्टी

वाटसरू, तासांचे रुपये कसे करता तेही सांगा. बहुतेक जण पगार भागिले २०० करतात आणि फसतात.

खराडीचा_वाटसरू

बरोबर. उदाहरण म्हणून: मुलाचा पगार ४५,०००. सॉफ्टवेअरचं भाडं, मशीन, जागा, वीज, माझा वेळ यांचा त्याच्या वाट्याचा भाग ३०,०००. झाले ७५,०००. महिन्यात खरे कामाचे तास १४० च्या वर जात नाहीत. सुट्ट्या आहेत, लाइट जाते, कन्सल्टंटच्या ड्रॉइंगची वाट बघण्यात दिवस जातात. ७५,००० भागिले १४० म्हणजे तासाला ५३६.

२१८३ गुणिले ५३६, साधारण ११ लाख ७० हजार. ही फक्त पदरची लागत, नफा नाही. आता करा भागाकार: ३ लाख ४० हजार चौरस फुटांवर ३ रुपये ४४ पैसे. २ रुपये सांगितले असते तर पाच लाख घरचे घालून बिल्डरची सेवा घडली असती.

तुमची मुलं नवी आहेत. माझ्या तासांत वीस-पंचवीस टक्के वाढ धरा. लाज वाटू देऊ नका.

पेठेतला_पाहुणा

एवढं गणित करून साहेब "समोरचा दीड रुपयात देतोय" म्हणाले की?

खराडीचा_वाटसरू

मग त्याचं कोटेशन बघायला मागा. "कम्प्लीट बिम मॉडेल अ‍ॅज पर रिक्वायरमेंट" अशी एक ओळ असेल. त्या ओळीचा अर्थ साहेब एक लावणार, तो दुसरा लावणार, आणि सहा महिन्यांनी भांडण.

नळदमयंती

मी प्लंबिंग-फायरचा कॉन्ट्रॅक्टर. मॉडेलं बनवत नाही, मॉडेलं भोगतो.

हिंजवडीच्या एका कामात "झीरो क्लॅश" असा शिक्का मारलेलं मॉडेल हातात आलं. बघतो तर ड्रेनेजच्या सगळ्या लाइनी सपाट! १०० ला १ उतार म्हटला तरी १८ मीटरच्या धावेत पाइप १८० मिलिमीटर खाली येतो. मॉडेलमध्ये बीमच्या पोटाखालून मस्त जात होता, साइटवर सरळ गाडीच्या टपाला लागणार. शेवटी लाइनचे दोन तुकडे केले, स्टॅक (उभा पाइप) हलवला आणि ट्रान्स्फर बीममध्ये कोअर कटिंगची परवानगी मागत स्ट्रक्चरलवाल्याच्या मागे फिरलो. त्याने दिली नाही. बरोबरच केलं त्याने.

मॉडेल करणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, "उतार आमच्या स्कोपमध्ये नव्हता." आणि खरंच नव्हता! कागद काढून दाखवला त्याने.

तेव्हा धागाकर्ते, कोटेशनमध्ये या गोष्टी नाव घेऊन लिहा: ड्रेनेजला उतार आहे की नाही, पाइपच्या कुठल्या व्यासापासून वर मॉडेल करणार, इन्सुलेशनची जाडी धरणार का, हँगर-सपोर्ट येणार का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्लीव्हचं (पाइप जायला काँक्रीटमध्ये आधीच सोडायच्या भोकांचं) ड्रॉइंग देणार का. स्लॅब भरायच्या आधी स्लीव्हचं ड्रॉइंग हातात पडलं तर मी तुमच्या फोटोला हार घालीन.

अर्धवट_आर्किटेक्ट

हार फोटोला नको, गळ्यात घाला. बाकी मुद्दे लिहून घेतले.

एक शंका. साहेबांच्या पीएमसीने (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने) मेलमध्ये "एलओडी ५००" लिहिलंय. वाटसरूंनी ३०० आणि ३५० धरलं. मग ५०० ला किती वाढवू?

लीड्सकर

मूळचा सातारा रोडचा, आता इंग्लंडात याच धंद्यात.

५०० ही ४०० च्या पुढची पायरी नव्हेच. अमेरिकेत २००८ साली आर्किटेक्टांच्या संस्थेने १०० ते ५०० ही पट्टी करारात आणली. पुढे तिथल्याच बिमफोरम या संस्थेने २०१३ पासून प्रत्येक घटकाचं चित्रासकट वर्णन छापायला सुरुवात केली आणि समन्वयासाठी मधलं ३५० घातलं. त्या पुस्तिकेत सुरुवातीची वर्षं ५०० चं वर्णनच करत नव्हते, कारण त्याचा अर्थ "जागेवर जाऊन तपासलेलं" एवढाच. बिल्डिंग उभीच नाही तर तपासणार काय? आणि एलओडी घटकाचा असतो, अख्ख्या मॉडेलचा नाही. कॉलम ३०० ला, डक्ट ३५० ला आणि सोफा १०० ला असं एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतं. "पूर्ण मॉडेल एलओडी अमुक" असं लिहिणाऱ्याने एकही मॉडेल उघडलेलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत.

इथे २०१६ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचं झालं. सुरुवातीची वर्षं इथेही असाच गोंधळ होता, कोणीही काहीही मागायचं. २०१८ च्या अखेरीस आयएसओ १९६५० हे बिमचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातली एक कल्पना तुमच्या कामाची आहे. एलओडीच्या जागी "माहितीची गरज किती" असा प्रश्न विचारतात: ही माहिती कुणाला हवी, कधी हवी, कशासाठी हवी. तिन्हींचं उत्तर नसेल तर ती माहिती भरायचीच नाही. मालकाने काय हवं ते आधी लिहून द्यायचं, त्याला म्हणतात ईआयआर. त्याच्या उत्तरात तुम्ही कसं करणार ते लिहायचं, ते बीईपी.

तुमचे साहेब ईआयआर देणार नाहीत हे उघड आहे. मग तुम्हीच दोन पानांचा लिहा, त्यांच्याकडून सही घ्या. मराठीत लिहिला तरी चालेल.

पेठेतला_पाहुणा

सातारा रोडचे लोक लीड्समध्ये जाऊन "इथे" म्हणायला लागले की समजावं, ते आता परत येत नाहीत.

मोजपट्टी

धागा भरकटायच्या आत. मी क्वांटिटी सर्व्हेअर, तीस वर्षं मोजमापं घेतोय. त्या चार वापरांपैकी बीओक्यूबद्दल बोलतो, कारण तिथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती कुणीच मुद्दाम करत नाही.

साहेब म्हणणार, "५डी द्या, नागपूर मेट्रोने केलंय." ५डी म्हणजे मॉडेलला मात्रा आणि खर्चाचा हिशेब जोडणं. त्यांना वाटतं बटण दाबलं की क्वांटिटी बाहेर. बटण दाबलं की आकडे येतात हे खरं. पण ते भूमितीचे आकडे असतात, बिलाचे नसतात. आपल्याकडे मोजमाप आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे. गिलाव्याचंच घ्या. दोन्ही बाजूंना सारखा गिलावा असेल तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट नाही. अर्धा ते ३ चौरस मीटरला एकाच बाजूची वजावट. ३ च्या वर दोन्ही बाजूंची, पण मग जांब-सॉफिट (ओपनिंगच्या आतल्या बाजू) मोजायचे.

दार ०.९ गुणिले २.१, म्हणजे १.८९ चौरस मीटर. नियमाने एका बाजूची वजावट. रेविट दोन्ही बाजूंनी कापतं. एका फ्लॅटला आतली सहा दारं, मजल्यावर चार फ्लॅट, वीस मजले: ४८० दारं. फरक ९०७ चौरस मीटर गिलाव्याचा. हा फक्त दारांचा, खिडक्या बाकी आहेत. कॉन्ट्रॅक्टर नियमावर बोट ठेवणार, साहेब मॉडेलवर ठेवणार, आणि दोघं मिळून तुमच्यावर.

काँक्रीटचं तसंच. बीम आणि स्लॅब एकमेकांत जोडले की सामाईक काँक्रीट एकाच्या खात्यात जातं. एकूण घनमीटर बरोबर येतो, पण बीमचा दर वेगळा आणि स्लॅबचा वेगळा असेल तर बिल चुकतं. शटरिंगचं क्षेत्रफळ तर रेविट आपणहून देतच नाही, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते.

माझा सल्ला: "५डी" हा शब्द कोटेशनमध्ये लिहूच नका. "काँक्रीट, वीटकाम, दारं-खिडक्या यांच्या निव्वळ भौमितिक मात्रा" असं लिहा. आयएस १२०० प्रमाणे मोजमाप हवं असेल तर ते वेगळं काम, वेगळे पैसे. ६डी आणि ७डी कोणी म्हटलं तर आधी विचारा तुमचा ६ कुठला. कोणी त्याला पर्यावरण म्हणतं, कोणी मेन्टेनन्स.

सायटीवरचा

+१. या प्रतिसादाची प्रिंट काढून ऑफिसात लावतोय.

जुनावाडा

थोडं अवांतर. मी पेठांतल्या वाड्यांचं लेझर स्कॅन करून मॉडेल बनवतो. नव्या बिल्डिंगीत एलओडीवर अडतं, आमच्याकडे अचूकतेवर. स्कॅनर मिलिमीटरमध्ये मोजतो म्हणून मालकाला वाटतं मॉडेलही मिलिमीटरात. वाड्याची भिंत खाली दोन फूट आणि वर पावणेदोन, मध्ये पोट सुटलेलं. ती सरळ काढायची की पोटासकट? अमेरिकेच्या एका संस्थेची एलओए नावाची अचूकतेची पट्टी आहे. २० म्हणजे १५ ते ५० मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल, ३० म्हणजे ५ ते १५, ४० म्हणजे १ ते ५. मी वीसने करतो, लाकडी कोरीव खांबाला ३०. एकदा "जसं आहे तसं हवं" एवढ्या चार शब्दांवर काम घेतलं होतं. त्या चार शब्दांनी तीन महिने खाल्ले.

रिडेव्हलपमेंटची कामं करता म्हणून सांगितलं, कधीतरी लागेल.

विटावाळू

मी पलीकडच्या बाजूचा, बिल्डरकडे प्रोजेक्ट मॅनेजर. सगळे बिल्डरला झोडपतायत म्हणून दोन शब्द.

आम्ही बिमला पैसे का देत नाही? कारण मॉडेल उशिरा येतं. पोडियमचा स्लॅब भरून झाला आणि आठव्या दिवशी क्लॅश रिपोर्ट आला, ३२०० क्लॅश. त्याचं काय लोणचं घालू? आमच्या पोराने दोन दिवस बसून गट पाडले, तर खरे प्रश्न सत्तरसुद्धा निघाले नाहीत. एकच केबल ट्रे चाळीस स्प्रिंकलरना लागत होता, तो चाळीस वेळा मोजलेला.

आकडा मोठा दाखवून काम केल्यासारखं वाटतं, पण साइटला ते नको असतं. मला बेसमेंटचं शटरिंग लागायच्या पंधरा दिवस आधी स्लीव्ह हवेत आणि कुठे उंची कमी पडतेय ते हवं. टिपिकल मजल्याचं मला काही पडलेलं नाही, ते आमचे फोरमन झोपेत करतात. तुम्ही "पूर्ण बिल्डिंग" विकायला येता आणि आम्ही पूर्ण बिल्डिंगचा दर पाडतो. बेसमेंट-पोडियम विका, तारखा लिहून द्या. मी तरी घासाघीस कमी करीन.

खराडीचा_वाटसरू

विटावाळू, लाखाचं बोललात. फक्त तारखा दोन्ही बाजूंनी लिहायच्या. आरसीसी आणि एमईपीची ड्रॉइंग आम्हाला कधी मिळणार ती तारीख आधी, आमची तारीख तिथून मोजायची. आणि गोठवण्याची तारीख: अमुक दिवसापर्यंत आलेल्या ड्रॉइंगवर मॉडेल, त्यानंतरचा बदल तासावर. "दोन रिव्हिजन फुकट" असं मोघम लिहू नका. पाइप हलवला तीही रिव्हिजन आणि जिना उचलून पलीकडे नेला तीही.

एक बारीक गोष्ट: रेविटची कुठली आवृत्ती ते कराराच्या कागदावर हवं. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. मधेच एमईपीवाल्याने अपग्रेड केलं आणि आमचे चार दिवस गेले, हे झालेलं आहे.

सायटीवरचा

पैशाचंही बघा. उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म-लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी करारात लिहूनसुद्धा लादता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. आणि २०२३-२४ पासून मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत बिल्डरला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. मार्च महिन्यात या वाक्याचा फार उपयोग होतो. आधी अ‍ॅडव्हान्स घ्या मात्र.

अर्धवट_आर्किटेक्ट

तीन आठवड्यांनी अपडेट. उशीर झाला, माफी असावी.

दोन पानांचा ईआयआर मीच लिहिला, मराठीतच. पीएमसीवाल्याने नाक मुरडलं, पण साहेबांनी पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण वाचलं. एलओडी ५०० त्यांनीच खोडलं. ५डी चं विचारलं तेव्हा मोजपट्टींचं ४८० दारांचं गणित समोर ठेवलं. अकाउंटंट खुर्ची पुढे ओढून बसला.

मग विटावाळूंच्या सल्ल्याने मी अख्खी बिल्डिंग बाजूला ठेवली आणि बेसमेंट, ग्राउंड, पोडियम एवढंच मांडलं. मॉडेलिंग ७०० तास, दहा आठवड्यांच्या मीटिंगा २२०, तपासणी ७०, चाळीस शीट्सचे १२०, बदलांचे १०५. एकूण १२१५. वाटसरूंच्या ५३६ ने साडेसहा लाख लागत. मी ७ लाख ८० हजार सांगितले, ७ लाख ४० हजारवर मिटलं, जीएसटी वेगळा. वीस-पंचवीस टक्के वाढ धरायला सांगितलं होतं, ती धरायचं धाडस झालं नाही, तेवढी आमच्या पोरांची शिकवणी समजतो. गोठवण्याच्या तारखेनंतरचे बदल तासाला ७०० ने. तीस टक्के अ‍ॅडव्हान्स काल जमा झाला. टिपिकल मजल्याचं नंतर बघू म्हणाले.

खराडीचा_वाटसरू

तासाला ७०० लिहून घेतलंत? झकास. आता पहिल्या दिवसापासून तास लिहून ठेवा, दुसऱ्या कोटेशनला माझे आकडे लागणार नाहीत.

अर्धवट_आर्किटेक्ट

ठेवतोय. आज सकाळी आरसीसी आणि आर्किटेक्चर एकावर एक ठेवलं तर ग्रिड ५० मिलिमीटरने सरकलेली निघाली, रॅम्पच्या बाजूला. दोघंही म्हणतात आमची बरोबर. आम्ही आरएफआय (लेखी खुलाशाची मागणी) टाकून हात वर केलेत. साडेतीन तास गेले, वहीत लिहिले.

नळदमयंती

ड्रेनेजला उतार घेतलाय ना?

अर्धवट_आर्किटेक्ट

घेतलाय हो. कलम चार, ठळक अक्षरात.